हरकतीचे तीस दिवस

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दिली नोटीस. झालं एकदाचं.

विवाह अधिकाऱ्यांच्या ऑफिसात दीड तास गेला. वयाचे पुरावे, पत्त्याचे पुरावे, फोटो, अंगठे. कारकून बाई मान वर न करता म्हणाल्या, "तीस दिवस बोर्डावर राहील. कोणाला हरकत असेल तर घेईल. नसेल तर सोळा डिसेंबरला अकरा वाजता या. तीन साक्षीदार आणा." मी म्हटलं, सोळा का, पंधराला का नाही? बाई म्हणाल्या, "पंधराला साहेब नाहीत. मुहूर्त चुकतोय का तुमचा?"

तेजू हसली. माझं डोकं फिरलं. मुहूर्त म्हणे — मला!

काचेच्या पेटीत आमचा कागद लागला. तनय, वय तेवीस, सीएनसी ऑपरेटर, राहणार पंचवटी. तेजस्विनी, वय चोवीस, लॅब टेक्निशियन, मूळ राहणार देवळा. फोटोत मी चोर दिसतोय, ती पोलीस. मी त्या काचेसमोरून हलेना. शेवटी तिनं बाहीला धरून ओढलं.

माझ्या घरी सांगून टाकलंय. बाबांनी ऐकलं, ओला पंचा झटकला आणि दोरीवर टाकला. रामकुंडावर बसून लोकांचे बाप-आजे तारतात, स्वतःच्या पोराकडं बघत नाहीत. तिच्या घरी अजून काहीच माहीत नाही. लग्न झाल्यावर सांगू, असं ठरलंय. तोवर देवळ्याला कळता कामा नये, बस्स.

१५ नोव्हेंबर

काल पायऱ्या उतरताना तेजू म्हणाली होती, "त्या दिवशी एक वाक्य म्हणावं लागतं. म्हणशील ना?" मी म्हटलं, म्हणेन की, कायद्यात लिहिलंय तेवढं. "आणि लिहिलेलं नाही ते?" मी काल टाळलं. आज ती लॅबमधून सुटल्यावर गंगापूर रोडला चहाला बसलो, तर पुन्हा तेच.

"तनय, पाच वर्षांनी मी तुला नकोशी झाले तर?"

आता मी खोटं बोलायचं का? म्हटलं, तेव्हाचं तेव्हा. आज तुझ्याशिवाय मला श्वास घेता येत नाही हे खरं आहे. पाच वर्षांनी काय वाटेल हे आज सांगणं म्हणजे भविष्य सांगणं. ते काम कुडमुड्या जोशाचं. सात जन्म, जन्मोजन्मी — असल्या थापा न मारणारा माणूस तुला मिळालाय, तर तू खूश व्हायला हवंस.

ती खूश झाली नाही. कपाची कड बोटानं पुसत बसली. मग म्हणाली, "तू कॉलेज कसं सोडलंस आठवतं? सरांनी नुसती माफी मागायला सांगितली होती."

हे काय मध्येच? तिसऱ्या वर्षाची खंडेनवमी, वर्कशॉपमध्ये लेथला हळदकुंकू वाहा म्हणाले. मी ताट उडवलं. यंत्रशास्त्र शिकवणारे यंत्राला कुंकू लावतात! माफी कशाची? निघून आलो तो परत गेलो नाही. तत्त्व म्हणून सोडलं. तेजू म्हणाली, "तत्त्व होतं हे मला माहीत आहे. पण तू गेलास हेही मला माहीत आहे."

रिक्षात बसून गेली. हात केला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

कट्ट्यावर गेलो. आम्ही पंधरा-वीस जण दर रविवारी जमतो, सगळे देव न मानणारे. आज मुद्दाम लग्नाचा विषय काढला. योगिनीताई आणि त्यांचे ते बावीस वर्षं बिनलग्नाचे एकत्र राहतात. म्हणाल्या, "मी रोज सकाळी उठून ठरवते, आजही राहायचं. कागद असता तर ठरवायचं विसरले असते." मला पटलं. मग म्हणाल्या, "पण तो दवाखान्यात होता तेव्हा मला विचारत होते, तुम्ही कोण. त्या दिवशी कागद हवा होता." मग काय पटायचं?

मयुरेशनं मात्र कमाल केली. माझा शाळेपासूनचा मित्र, माझ्यापेक्षा जुना नास्तिक. मागच्या वर्षी मुंडावळ्या, होम, सप्तपदी, सगळं करून बसला. आईसाठी म्हणे. मी म्हटलं, अग्नीसमोर खोटं बोललास. तो शांतपणे म्हणतो, "ऐकणारंच कोणी नव्हतं, तर खोटं कुणाशी बोललो? गॅस पेटवला असं समजायचं." मी त्याला सगळ्यांसमोर ढोंगी म्हटलं. म्हटलं, तुझ्यासारख्यांमुळं लोक आपल्याला हसतात.

आणि तिथंच बसून आमच्या नोटिशीचा फोटो कट्ट्याच्या शंभरेक जणांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं — "भटजी नाही, मुहूर्त नाही, देव नाही. हिंमत असेल तर असं करा." एकेचाळीस अंगठे आले. मयुरेशनंही दिला, लाज नाही.

१८ नोव्हेंबर

तेजूचा मेसेज, दुपारी, दोन ओळींचा. "ज्योतिषी सांगतो काय होईल. वचन देणारा सांगतो मी काय करीन. दोन्ही एकच वाटतात का तुला?"

चिडून "कामात आहे" पाठवलं.

२१ नोव्हेंबर

बोर्डावरचा कागद बघून आलो. आहे. कोणी हात लावलेला नाही. आठवडा निघाला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

देवळ्याला कळलं.

तेजूचा चुलतभाऊ रुद्र, त्याच्या मोबाइलवर फोटो आला. आमचीच नोटीस, काचेसकट. त्यानं तिच्या वडिलांना दाखवली. तेजूचा फोन आला तेव्हा तिचा आवाज इतका सपाट होता की मला आधी वाटलं लॅबमधला कुठला रिपोर्ट सांगतेय. "अण्णांनी मला विचारलं, हा पत्ता आपलाच ना. बस. मग फोन ठेवला."

मला एकच नाव दिसलं. बाबा! दुसरं कोण? शिफ्ट अर्धी टाकून सातपूरहून थेट रामकुंडावर. कुंभाच्या कामांनी रस्ते खोदलेले, गाडी लांब लावून पळत गेलो. बाबा एका गुजराती कुटुंबाचं पिंडदान करत होते. मी यजमानांसमोर ओरडलो, "समाधान झालं का? पोरीचं घर मोडलंत!" त्या माणसाच्या हातात पिंड, तो तसाच गोठला. बाबा म्हणाले, "तनय, याच्या वडिलांचं काम चाललंय. ते होऊ दे." आवाज चढवला नाही. मला वीस मिनिटं दगडावर बसवून ठेवलं.

मग आले. हात पुसले. म्हणाले, "तो फोटो मला मयुरेशच्या आईनं दाखवला. तुमच्या कुठल्या ग्रुपातला आहे. खाली तुझं नाव होतं."

मी फोन काढून ग्रुप उघडला. होतं.

"आणि मी हरकत घेणार नाही," ते म्हणाले. "त्या ऑफिसात जाऊन विचारून आलोय. माझी हरकत कायद्यात बसत नाही."

म्हणजे गेले होते! मला राग यायला हवा होता. आला नाही. पायातली चप्पल एकीकडं राहिली होती, ती शोधत बसलो.

२५ नोव्हेंबर

तेजूला सांगितलं. मीच टाकला म्हणून. ती एवढंच म्हणाली, "त्यावर माझा पत्ता होता, तनय."

ती नास्तिक आहे हे लॅबमध्येसुद्धा कुणाला माहीत नाही. ती देवाशी भांडत नाही. तिला तो आठवतच नाही. मला दिवसातून दहा वेळा आठवतो.

संध्याकाळच्या गाडीनं देवळ्याला गेली. मी स्टँडवर आलो तर म्हणाली, "तू नको येऊस. तू बोलशील."

२७ नोव्हेंबर

फोन नाही.

२८ नोव्हेंबर

फोन नाही. मेसेजला दोन निळ्या रेघा. सुपरवायझरला उगाच उलट बोललो.

३० नोव्हेंबर, रविवार

तेजू परत आली. कामावर जाते. अण्णा तिच्याशी बोलत नाहीत, पण कोंडलं वगैरे नाही. "आई बोलते. जास्तच बोलते." सोळा तारखेचं विचारायची हिंमत झाली नाही. तिनंच सांगितलं, "मी अजून नाही म्हटलेलं नाही." हे काय उत्तर झालं? पण मी त्यावरच जगतोय.

१ डिसेंबर

आज तिच्या आईचा फोन. सिंधुबाई. नंबर कुठून मिळवला देव जाणे — लिहून गेलो. राहू दे.

"पोरा, भांडायला नाय फोन केला. तू देव मानत नाय म्हणते तेजू. मग तुझा शब्द कशावर धरायचा? जात वेगळी, ते मी बघून घेईन. पोरगा आज हाय उद्या नाय, ते कोण बघणार? गुरुवारी पुनव हाय. गडावर ये. सप्तशृंगीसमोर नारळावर हात ठेव आणि बोल. मग तेजूच्या बापाला मी गप करते."

मी म्हटलं, एवढंच?

"एवढंच म्हणतो का तू? बरं. तेजूला सांगू नको, ती नाय म्हणेल."

फोन ठेवल्यावर खोलीत एकटाच हसलो. एक नारळ! एवढ्यावर सुटका. तिथं आहे कोण ऐकायला? दगड. दगडाला सांगायला माझं काय जातंय. एका वाक्यात अण्णा, रुद्र, सगळं देवळा गप्प. तेजूला सरप्राइज देतो.

४ डिसेंबर, गुरुवार

गडावर जाऊन आलो. पौर्णिमा, तोबा गर्दी. सिंधुबाई बारीक, उन्हानं रापलेल्या, पायात रबरी चप्पल. माझ्याकडं नीट बघून घेतलं, बाजारात बैलाकडं बघतात तसं. रोपवे आहे म्हटलं तर म्हणाल्या, "मी पायऱ्यांनी जाते. तुला दमायला होतं तर तू बस त्यात." पायऱ्यांनीच गेलो. धाप मलाच लागली.

वर कठड्यापाशी त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. लोक ढकलत होते. मी खणखणीत म्हटलं, "मी तेजस्विनीला आयुष्यात कधी अंतर देणार नाही. सुखात, दुःखात, काही झालं तरी." आणखीही घातले दोन-चार शब्द. ओघात येतं. त्यांनी डोळे मिटले होते. मी इकडंतिकडं बघत होतो, कट्ट्यावरचं कोणी नाही ना.

त्यांनी कपाळाला कुंकू लावलं. म्हणाल्या, "जा आता." बसमध्ये पुसून टाकलं. जिंकलो.

५ डिसेंबर

संपलं बहुतेक.

मी तिला हॉस्टेलवर जाऊन सांगितलं. हसत सांगितलं, च्यायला, पेढे घेऊन गेलो होतो! आई कशी पटली, नारळ, पायऱ्या, सगळं. वाटलं गळ्यात पडेल. ती उभीच राहिली.

"काय म्हणालास तिथं? तेच शब्द सांग."

सांगितले.

"हेच मी तुझ्याकडं तीन आठवडे मागतेय," ती म्हणाली. "मी जिवंत आहे. समोर बसून चहा पिते. मला म्हणालास, भविष्य सांगणार नाही, तत्त्वात बसत नाही. आणि तुझ्या मते जिथं कोणीच नाही, तिथं एका मिनिटात बोललास."

मी म्हटलं, अगं, तिथं कोणी नाही म्हणूनच बोललो! त्याला काही अर्थ नाही!

हे तोंडातून गेलं आणि मला ऐकू आलं. मयुरेशला ज्यासाठी ढोंगी म्हटलं, तेच वाक्य. शब्दसुद्धा जवळपास तेच.

ती म्हणाली, "सोळाला मी येणार नाही."

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. तुझ्या आईनंच बोलावलं होतं, तुम्हा लोकांना असंच लागतं — तुम्हा लोकांना म्हणालो मी. पेढ्यांचा पुडा तिच्या हॉस्टेलच्या कठड्यावर राहिला.

६ डिसेंबर

सतरा फोन. उचलला नाही.

८ डिसेंबर

मशीनवर ऑफसेट, म्हणजे टूलचं माप, चुकीचं टाकलं. टूल जॉबच्या लोखंडात घुसलं, त्याच्या पात्याचा तुकडा मशीनच्या काचेवर आदळला. काच नसती तर डोळा गेला असता. सुपरवायझर म्हणाला, "घरी जा रे बाबा, आज तू माणसात नाहीस." सोडून देऊ का ही नोकरीपण? मनात आलं. मग तिचं वाक्य आठवलं. "तू गेलास हेही मला माहीत आहे." गेलो नाही घरी. बाजूला बसून तयार जॉबच्या कडा घासत राहिलो.

१० डिसेंबर

बाबांशी बोललो. म्हणजे ते बोलले. मी स्वयंपाकघरात गार भात तसाच खात होतो, आईनं त्यांना काहीतरी सांगितलं असणार. येऊन समोर बसले. "गडावर गेला होतास म्हणे." मी म्हटलं, हसा. ते हसले नाहीत.

"मी रोज संकल्प सोडतो लोकांचे. तू लहानपणापासून ऐकलेस. सुरुवात कशी होते?"

मला पाठ आहे, नको असताना पाठ आहे. देश, नदीचा काठ, संवत्सर, महिना, तिथी, वार. मग माणसाचं गोत्र, नाव. मग मी अमुक करीन.

"म्हणजे कुठं उभा आहे, कधी, कोण, आणि काय करणार. हे चार आधी पक्के सांगायचे," बाबा म्हणाले. "यातलं तू गडावर काय पक्कं सांगितलंस?"

मी म्हटलं, तुमचा देव त्यात कुठं आला?

"तो ऐकत असेल तर ऐकेल. बोलणारा हजर पाहिजे."

मग नेहमीसारखं भांडण काढायला म्हटलं, म्हणजे तुम्हीही मानत नाही तर! ते उठले. "मी मानतो. पण पंचेचाळीस वर्षांत हजर नसलेले यजमान फार बघितले."

१२ डिसेंबर, शुक्रवार

सुट्टी टाकून देवळ्याला गेलो. कोणाला न सांगता. सिंधुबाईंना खरं सांगायचं ठरवलं. सांगितल्यावर त्या उलटणार, मग अण्णा, मग सगळं बंद. पण तेजू तशीही गेलीच आहे. मग निदान खोटं तरी नको.

मळ्यात कांद्याची लागवड चाललेली. सात-आठ बायका वाफ्यात वाकून रोपं लावत होत्या. सिंधुबाईंनी मला बांधावर बघितलं, हातातली जुडी संपवली, मगच आल्या. मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं. गडावर बोललो ते खोटं. मी तिथं कोणाला मानत नाही. सुटका करून घ्यायला बोललो.

त्या म्हणाल्या, "ठावं हाय मला."

"ठाऊक होतं?"

"डोळे मिटले म्हणून काय दिसत नाय? मान फिरवत होता तू, चोरावानी. देवीपुढं लबाडी करणारे लय येतात, तिला सवय हाय. पण पोरा, देवी नव्हती तुझ्या हिशेबानं. मी तर होते ना तिथं? हातभर लांब?"

ऊन चढलं होतं. बायका हात थांबवून ऐकत होत्या. मी मान खाली घातली. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "तुना मनमा काय शे?" अहिराणीत. आतापर्यंत माझ्याशी शहराच्या माणसाशी बोलतात तसं बोलत होत्या. हे घरातल्या माणसाला विचारतात तसं विचारलं. तुझ्या मनात काय आहे.

आणि मला ओघ आला नाही. शब्दच येईनात. तुकड्या-तुकड्यानं म्हटलं — मला पुढं काय वाटेल ते माहीत नाही. रागीट आहे. पण भांडण झालं की मी निघून जातो, ते करणार नाही. बसेन. ती बोलेल ते ऐकून घेईन. तिला न सांगता तिच्याबद्दल काही ठरवणार नाही. कधी प्रेम आटलंच, तर ते तिला आधी सांगेन, आणि सांगून पळणार नाही. एवढंच येतंय मला. मोठं काही येत नाही.

मी रडलो का? बहुतेक. घाम म्हणून चालून गेलं.

सिंधुबाई म्हणाल्या, "याला कशाला गड पाहिजे होता?" मग रोपांची एक जुडी माझ्या हातात कोंबली. "वाकता येतं का? ती ओळ लाव." लावली. वाकडी. एक म्हातारी म्हणाली, "जावई नांगरट करतोय का लागवड?" सगळ्या हसल्या. सिंधुबाई हसल्या नाहीत, पण जावई शब्द खोडलाही नाही.

१३ डिसेंबर

तेजूचा मेसेज. "आईनं सगळं सांगितलं. मंगळवारी येते."

चार वेळा वाचला. मग बाहेर जाऊन उगाच गाडी धुतली.

१६ डिसेंबर, मंगळवार

नीट लिहायचं. क्रमानं.

अकराला सगळे हजर. साक्षीदार म्हणून योगिनीताई, मयुरेश, सिंधुबाई. अण्णा आले नाहीत, पण सिंधुबाईंना गाडीत बसवून दिलं म्हणे. मयुरेशची मी माफी मागितली. तो म्हणाला, "रेकॉर्ड करू का, पुन्हा ऐकायला मिळणार नाही." तेजूनं आकाशी ड्रेस घातला होता. हरकत एकही आली नव्हती. तीस दिवसांत एकही नाही.

साहेबांनी आधी मला म्हणायला सांगितलं. "मी तनय, तेजस्विनी, तुझा माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकार करतो." आवाज फाटला. पण मी हजर होतो. एवढं मला कळतं.

मग तिची पाळी. "मी तेजस्विनी..." आणि थांबली. साहेबांनी पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबली. पंख्याचा आवाज. योगिनीताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मला झटकावासा वाटला. तेजू म्हणाली, "सर, मला आज हे म्हणता येणार नाही." आणि बाहेर गेली.

मी व्हरांड्यात गाठलं. ती भिंतीला टेकून उभी, पांढरीफटक.

"तनय, मी महिनाभर तुझी परीक्षा घेत होते. माझा पेपर मी उघडलाच नाही. तूही मला कधी विचारलं नाहीस, तू राहशील का म्हणून. मी राहणारच, असं दोघांनीही धरलं."

"मग आता सांग."

"माहीत नाही. आत्ता म्हटलं तर ते गडावरचं होईल."

माझ्या तोंडाशी आलं होतं. महिनाभर मला सोललंस, आता तुझी वेळ आली तर — आलं होतं सगळं. ओठ आवळले. ती आईबरोबर स्टँडकडं गेली. मयुरेश म्हणाला, "अरे जा ना मागं." गेलो नाही. घरीही गेलो नाही. बाहेरच्या बाकावर बसून हे लिहितोय. बाई खिडकीतून दोनदा डोकावल्या.

१७ डिसेंबर

तिला एकच मेसेज केला. "नोटीस चौदा फेब्रुवारीपर्यंत चालते, बाईंना विचारलं. ऑफिस उघडं असेल त्या दिवशी अकराला मी बाकावर असेन. तू यायलाच हवं असं नाही. फोन करणार नाही. नाही असेल तर नाही कळव, मग मी येणं थांबवीन." शिफ्ट तीनची मागून घेतली.

अकरा ते साडेबारा बसलो. आली नाही. उत्तरही नाही.

१८ डिसेंबर

आली नाही. बाई बाहेर आल्या, "साक्षीदार कुठायत?" म्हटलं, बाई, अजून नवरीच नाही. त्यांनी चहा पाठवला.

१९ डिसेंबर

आली नाही. घरी बाबा आईला म्हणाले, "रोज एका वेळी, एका जागी, आसन घालून. आमच्यात याला नित्यकर्म म्हणतात." मुद्दाम मला ऐकू जाईल असं. मी भडकलो नाही. हसूच आलं, पण दाखवलं नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

दोन दिवस ऑफिस बंद होतं. ते फार वाईट गेले. आज तिचा नंबर लावला, रिंग जायच्या आत तोडला. शब्द दिलाय.

आली नाही.

२३ डिसेंबर

एक जोडपं आलं होतं, नोटीस द्यायला. मुलगी मला म्हणाली, "तुमचं झालं का?" म्हटलं, अर्धं झालंय.

२४ डिसेंबर

हे मी तिच्यासाठी करतोय की जिंकण्यासाठी? आज दीड तास हाच विचार. जिंकण्यासाठी असतं तर आतापर्यंत कट्ट्यावर सांगितलं असतं. कोणालाच सांगितलेलं नाही. ती नाही म्हणाली तर काय, हेही मनाशी नीट बोलून घेतलं. दुखेल. ताट उडवणार नाही.

उद्या नाताळची सुट्टी.

२६ डिसेंबर, शुक्रवार

पावणेअकराला पोचलो. तेजू आधीच येऊन बाकावर बसली होती.